क्ले बार घासण्याआधी गाडीला नक्की काय चिकटलंय ते बघा

ताई, तुमचा प्रश्न असा की कुवारबावला रत्नागिरी रेल्वे स्टेशनजवळ राहता, पांढरी हॅचबॅक आहे, तीन वर्षांची, धुऊन झाल्यावरही बॉनेटवरून हात फिरवला की पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं आणि मागच्या डिकीच्या दारावर बारीक बारीक नारिंगी ठिपके आलेत. वॉशिंग सेंटरवाल्याने सांगितलं की हे खाऱ्या हवेमुळे, दर तीन महिन्यांनी क्ले बार, म्हणजे पेंटला चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ वडी, मारून घ्या. तर हे घरी जमेल का, आणि पेंटला चरे पडतील का.

मी रत्नागिरी तालुक्यातच गेली चौदा वर्षं गाड्यांच्या पेंटचं काम करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. घरी नक्की जमेल. चरेही पडू शकतात, पण ते कशामुळे पडतात हे कळलं तर टाळता येतात. आणि दर तीन महिन्यांनी अजिबात करू नका.

पहिली गोष्ट म्हणजे तो खरखरीतपणा मिठाचा नाहीये. मीठ पाण्यात विरघळतं, भाट्याच्या खाडीपुलावरून रोज ये-जा करणारी गाडी असली तरी तिच्यावरचं मीठ एका नीट धुण्यात निघून जातं, त्याला क्लेची गरजच नाही. मीठ जिथे खरं नुकसान करतं ती जागा वेगळी आहे, दाराच्या खालच्या कडा, चाकांच्या वरची कमान, गाडीचं पोट, आणि तिथे क्ले पोचतही नाही आणि पोचून उपयोगही नाही. तुम्हाला हाताला जे लागतंय ते बहुतेक लोखंड आहे. स्टेशनजवळ राहता ना, आगगाडीची चाकं रुळावर घासतात, ब्रेक लागताना घासतात, त्यातून लोखंडाचे इतके बारीक कण उडतात की डोळ्याला दिसत नाहीत. कोकण रेल्वे २०२२ मध्ये पूर्ण इलेक्ट्रिक झाली तेव्हा माझे काही गिऱ्हाईक म्हणाले की आता स्टेशनजवळ गाडी लावायला हरकत नाही, धूर गेला, पण धूर वेगळा आणि लोखंड वेगळं, चाकं आणि रूळ तेच आहेत. हा कण उडतो तेव्हा तापलेला असतो, पेंटवर बसला की वरच्या थरात रुततो, मग आपल्या दमट खाऱ्या हवेत तो गंजतो, गंजला की फुगतो, आणि पांढऱ्या गाडीवर त्याचा नारिंगी ठिपका दिसतो. काळ्या किंवा निळ्या गाडीवरही तेवढेच असतात, फक्त दिसत नाहीत, हाताला लागतात. तुमच्या स्वतःच्या आणि पुढच्या गाडीच्या ब्रेकमधूनही हेच कण येतात, म्हणून मागच्या दारावर आणि चाकांच्या मागे जास्त सापडतील.

आता क्ले बार म्हणजे काय ते सांगतो म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. ही माती नाही. लवचिक कृत्रिम राळेसारखा पदार्थ असतो आणि त्यात अगदी बारीक घासणारी पूड मिसळलेली असते. जपानमधून आलेली गोष्ट आहे, तादाओ कोदाते नावाच्या जपानी माणसाच्या नावावर तिचं पेटंट आहे. पेंटच्या पातळीच्या वर जे काही डोकं काढून बसलंय त्याला क्ले अडकतो, उपटतो किंवा कापतो आणि स्वतःच्या अंगात ओढून घेतो. जे पातळीच्या खाली आहे त्याला तो हात लावत नाही. म्हणजे स्क्रॅच जाणार नाहीत, उन्हात दिसतात ते गोल गोल जाळं जाणार नाही, पक्ष्याच्या विष्ठेने खाल्लेला डाग जाणार नाही, दगड लागून पेंट उडालाय तिथला गंज जाणार नाही. क्ले मारून गाडी नवी दिसेल असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही, क्लेने गाडी गुळगुळीत होते, चमक हा पुढचा विषय.

आणि म्हणूनच लोखंडावर सरळ क्ले मारायचा नाही, हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. कण अर्धा आत रुतलेला असतो. क्ले त्याचं डोकं कापतो, हात फिरवला की गुळगुळीत लागतं, माणूस खूश होतो, आणि पेंटमध्ये राहिलेलं मूळ एक पावसाळा झाला की पुन्हा नारिंगी होऊन वर येतं. शिवाय कापलेला लोखंडाचा तुकडा क्लेला चिकटून तुमच्याच हाताने पूर्ण बॉनेटभर फिरतो. चरे पडतात ते इथे पडतात. वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असतो, आपल्या डोक्याचा एक केस साधारण ७० मायक्रॉन धरला तर त्याच्याहीपेक्षा पातळ. तो परत येत नाही, कंपनीने एकदा दिला तेवढाच.

तर आधी धुणं. हे लोक उरकून टाकतात आणि खरं म्हणजे निम्मं काम इथेच आहे. आपल्याकडे कातळावरची लाल माती, चिरेखाणीची धूळ, हायवेच्या कामाची धूळ, किनाऱ्यावरची वाळू असं सगळं एकावर एक बसलेलं असतं. त्यावर स्पंज लावायच्या आधी नुसत्या पाण्याच्या जोराने खाली पाडायचं, पंपाला पाइप लावून चालेल, वरून खाली, पाच-सात मिनिटं द्या. मग गाडीचाच शाम्पू, दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी, हातमोजा एक पॅनल घासून झाला की आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत. कपडे धुण्याची पावडर नको. आणि सकाळी ऑफिसला निघताना सुकं फडकं मारायची जी सवय आहे ना आपल्याकडे, ती कृपा करून सोडा, मी ज्या गाड्या पॉलिशला घेतो त्यातल्या बहुतेकांवरचं जाळं त्या फडक्याने केलेलं असतं, रोज थोडी थोडी लाल माती क्लिअर कोटवर घासली जाते.

इथेच आपल्या झाडांचंही बघून घेऊ कारण तुम्ही लिहिलंय की दारात आंब्याची कलमं आहेत. मोहोराच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत, कलमाखाली गाडी लावली की काचेवर आणि टपावर चिकट चिकट पडतं, लोक म्हणतात झाडाचा चीक आहे, पण तो चीक नाही, मोहोरावरचे तुडतुडे जे गोड चिकट सोडतात ते असतं, बागायतदारांना माहीतच आहे. ते साखरच, कोमट पाण्याने भिजवून ठेवलं की शाम्पूत निघतं, मात्र ठेवून दिलं तर त्यावर काळी बुरशी धरते. खरा चीक निराळा. आंबा उतरवताना देठाचा चीक पडला तर तो कातडीलासुद्धा भाजतो, पेंटला सोडेल का, दिसला की लगेच भरपूर पाण्याने धुवायचा. सुकलाच असेल तर कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन मिनिटभर त्या डागावर नुसता ठेवून द्या, घासू नका, मऊ झाला की उचला. फणसाच्या चिकाचंही तसंच, थोडा धीर जास्त लागतो. या तिन्हींवर लोक सरळ क्ले घासायला जातात आणि क्ले त्या चिकटाने माखून फुकट जातो.

डांबराचे काळे ठिपके खालच्या पट्ट्यावर असतीलच, हायवेचं काम इतकी वर्षं चाललंय. त्याला टार रिमूव्हर मिळतो. जुने ड्रायव्हर फडक्याला थोडं रॉकेल घेऊन काढायचे, निघतं त्याने, पण मागे तेलकट थर राहतो आणि रबराला चांगलं नाही, म्हणून वापरलंच तर तेवढ्याच ठिपक्याला आणि लगेच शाम्पूने धुऊन.

मग आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंड विरघळवणारं रसायन. तुमच्या गाडीचं खरं औषध हे आहे. गाडी धुतलेली, सावलीत, पत्रा हाताला थंड लागतोय अशा वेळी फवारायचा. दोन-तीन मिनिटांत जिथे जिथे लोखंड आहे तिथून जांभळे ओघळ सुटायला लागतील, पांढऱ्या गाडीवर तर बघून धसका बसतो पहिल्यांदा, घाबरू नका, ते लोखंड विरघळतंय. वास अतिशय वाईट येतो, सडक्या अंड्यासारखा, म्हणून बंद गॅरेजमध्ये करू नका, हातात मोजे घाला. बाटलीवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त वेळ ठेवू नका आणि काहीही झालं तरी सुकू देऊ नका, सुकतोय असं वाटलं तर पाणी मारा. भरपूर पाण्याने धुवा. डिकीच्या दाराला दुसरा हात लागेल असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. दुसऱ्या हातानंतरही एखादा नारिंगी ठिपका तसाच राहिला आणि जवळून बघितल्यावर तिथे खड्डा दिसला, तर तो दगडाचा मार आहे आणि आतला पत्रा गंजतोय, त्याला टचअप लागेल, क्लेने तिथे काही होणार नाही.

आता परीक्षा. किराण्याची पातळ प्लास्टिक पिशवी हातात मोज्यासारखी घाला आणि ओल्या, स्वच्छ पत्र्यावरून हलकी बोटं फिरवा. पिशवीमुळे बोटाला जे लागत नव्हतं तेही लागतं. टप, बॉनेट, डिकी, दारं, एकेक बघा. जिथे गुळगुळीत आहे तिथे क्ले मारायचा नाही. हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना दर वेळी सांगतो, पूर्ण गाडीला क्ले मारायचा असा काही नियम नाही, खरखरीत लागलं तिथेच. बऱ्याच वेळा आयर्न रिमूव्हरनंतर फक्त बॉनेट, टप आणि डिकी उरते.

क्ले घेताना फाइन ग्रेडचाच घ्या. मीडियम आणि हेवी हे पेंटच्या फवाऱ्याने माखलेल्या गाड्यांसाठी. मिरकरवाडा बंदरात बोटींचं रंगकाम चालू असताना वाऱ्याच्या दिशेला गाडी उभी केली की अशी अवस्था होते, बोटीचा रंग पूर्ण टपावर तुषारासारखा बसतो, तिथे मीडियम लागतो आणि मागून पॉलिश करावंच लागतं. तुम्हाला १०० ग्रॅमची फाइन वडी भरपूर झाली. तिचे चार तुकडे करा, पूर्ण वडी हातात घेऊन सुरू करू नका, कारण पडली की गेली, जमिनीवर पडलेला क्ले उचलून पुसून वापरायचा नाही, कितीही स्वच्छ लादी असली तरी. एक तुकडा तळहातावर घेऊन मोदकाची पारी करतो तशी चपटी करा, तीन बोटं मावतील एवढी. थंडीच्या दिवसांत कडक वाटला तर कोमट पाण्यात मिनिटभर ठेवा. आपल्या उन्हाळ्यात उलट, जास्त मऊ पडून पेंटला चिकटतो, तेव्हा गार पाण्यात ठेवा.

वंगण, म्हणजे ज्यावरून क्ले सरकणार ते. त्यासाठी वेगळी बाटली मिळते, पण एक लिटर पाण्यात साधारण १० मिली गाडीचा शाम्पू घालून स्प्रेच्या बाटलीत भरलं तरी काम होतं. कंजुषी करू नका, सगळी गंमत त्याचीच आहे. पावसात शेवाळलेल्या कातळावर पाय कसा सरकतो, क्ले पेंटवर तसा सरकला पाहिजे. दीड-दोन फुटांचा चौकोन घ्या, पेंट आणि क्ले दोन्ही ओले करा, आणि बोटांच्या वजनाएवढाच भार देऊन सरळ मागे-पुढे फिरवा, गोल गोल नाही. सुरुवातीला बोटांना अडकल्यासारखं लागेल आणि बारीक खर्रखर्र आवाज येईल, पाच-सहा फेऱ्यांत आवाज थांबतो आणि हात एकदम मोकळा सुटतो, तो क्षण बोटांना बरोबर कळतो, तिथे थांबायचं. झालं म्हणजे झालं, अजून दोन फेऱ्या मारू म्हणू नका. ओलं वाटत असतानाच मायक्रोफायबरने टिपून घ्या, पिशवीने पुन्हा बघा, पुढचा चौकोन. प्रत्येक चौकोनानंतर क्लेची खालची बाजू बघायची, मळली असेल तर आत दुमडून मळून स्वच्छ बाजू बाहेर काढायची, आणि मळून मळूनही करडाच दिसायला लागला की टाकून द्यायचा, चार तुकडे त्यासाठीच केलेत. वरून खाली या. दाराच्या खालच्या पट्ट्याला वापरलेला तुकडा पुन्हा बॉनेटला लावायचा नाही.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट सांगतो कारण ती अजून मनातून जात नाही. एप्रिल महिना, काळी सेडान, मालकाला संध्याकाळी लग्नाला न्यायची होती म्हणून मी अकरा वाजता उघड्यावर क्लेला बसलो. पत्रा तापलेला, पाणी मारलं की पाच सेकंदांत सुकायचं, क्ले थांबून थांबून ओढत होता आणि मी घाईत तसाच पुढे जात राहिलो. टप झाला, बॉनेट झालं, पुसलं आणि बाजूने बघितलं तर पूर्ण बॉनेटवर धुरकट रेघा, क्ले जिथे जिथे ओढला होता तिथे तिथे. त्यांना लग्नाला दुसऱ्या गाडीने जावं लागलं आणि मी दोन दिवस मशीनने पॉलिश करून ते काढलं, म्हणजे दुसऱ्याच्या गाडीचा न भरून येणारा थर माझ्या घाईमुळे कमी झाला. तेव्हापासून उन्हात मी क्लेला हात लावत नाही, सकाळी सातला सुरू करून दहाच्या आत संपवतो नाहीतर शेडमध्ये करतो. तुम्हीही तेच करा. पांढऱ्या रंगावर अशा रेघा दिसत नाहीत, एवढा तुमचा फायदा आहे, पण दिसत नाहीत म्हणून पडतच नाहीत असं नाही. फाइन क्लेसुद्धा थोडा तरी घासतोच, म्हणून वर्षाला एकदा पुरे. गडद रंगाची गाडी असती तर मी म्हटलं असतं क्ले झाल्यावर हलकं पॉलिश धरूनच चाला.

कधी करायचं म्हणाल तर आपल्या भागात दसरा-दिवाळीच्या सुमाराला. चार महिन्यांचा पाऊस संपलेला, हवा कोरडी व्हायला लागलेली, पागोळ्यांचं पाणी आणि रबराच्या पट्ट्यांतलं शेवाळ एकदाच साफ करता येतं. मे महिन्यात पिशवीची परीक्षा करा, गुळगुळीत असेल तर क्ले न करता फक्त संरक्षणाचा थर द्या.

तो थर मात्र त्याच दिवशी द्यायचा, हे विसरलात तर सगळं केलेलं वाया. क्ले मारताना जुनं वॅक्स, सीलंट असा पेंटवर जो काही संरक्षणाचा थर होता तोही निघून जातो, पेंट पूर्ण उघडा असतो, आणि शेजारून आगगाडी जातेच आहे. आपल्या उन्हात आणि पावसात कारनॉबा वॅक्स, म्हणजे झाडापासूनचं नैसर्गिक मेण, दीड-दोन महिन्यांच्या वर टिकलेलं मी बघितलेलं नाही, त्यापेक्षा कृत्रिम सीलंट घ्या, तीन-चार महिने जातो, आणि गुळगुळीत थर असला की पुढचे लोखंडाचे कण तेवढे घट्ट रुतत नाहीत, धुण्यातच बरेच सुटतात.

काही ठिकाणी क्ले लावूच नका. मॅट पेंट असेल तर अजिबात नाही, तिथे चकचकीत डाग पडेल आणि तो परत मॅट होत नाही. नुकताच रंगवलेला पॅनल असेल तर निदान महिनाभर थांबा आणि मग पेंटरला विचारून. सिरॅमिक कोटिंग केलेली गाडी असेल तर कोटिंगचा थर झिजतो, तिथे आयर्न रिमूव्हरवरच भागवा. काळ्या खरखरीत प्लास्टिकवर क्ले गेला की त्याचे कण खाचांत अडकून बसतात. हल्ली क्लेचा हातमोजा आणि टॉवेल मिळतो, त्याच्यावर रबरासारखा थर असतो, पडला तर धुऊन घेता येतो आणि वेळ निम्मा लागतो, पण बोटांना पेंट कळत नाही, पहिल्यांदा करताय तर वडीच घ्या.

वॉशिंग सेंटरकडूनच करून घ्यायचं ठरवलंत तर आधी एवढंच विचारा की क्लेच्या आधी आयर्न रिमूव्हर मारणार का आणि नंतर कुठला थर देणार. दोन्हीला नीट उत्तर मिळालं तर द्या गाडी. उत्तर मिळालं नाही तर रविवारची सकाळ काढा, तुमच्या हॅचबॅकला धुण्यापासून सीलंटपर्यंत चारेक तास लागतील, घाई न करता.

आणि शेवटचा उरलेला स्वच्छ तुकडा टाकू नका. पुढच्या काचेवर आतापर्यंत काही केलं नसेल तर वरून तोच फिरवा, त्याच शाम्पूच्या पाण्यात, पहिल्या पावसात वायपर थरथरत कर्रकर्र करतो तो बऱ्याचदा काचेला चिकटलेल्या कणांमुळे, रबर खराब झालेलं नसतं. काचेला लावलेला तुकडा मग काचेपुरताच ठेवा, थोडं शाम्पूचं पाणी मारून हवाबंद डबीत, घरात कपाटात. गाडीच्या डॅशबोर्डात ठेवलात तर मे महिन्यात वितळून डबीला चिकटलेला सापडेल.